लाल कांदा थांबत नाही

हे नाशिक जिल्ह्यातलं लासलगाव, कांद्याची मोठी बाजारपेठ. लिलाव सुरू व्हायच्या आधीची ही लाईन बघा, ट्रॅक्टर, पिकअप, मागे अजून ट्रॅक्टर, सगळ्यांत कांदाच. आता व्यापारी आले, वरचे चार कांदे उचलले, दाबून बघितले, बोली सुरू, आणि बघता बघता शेतकऱ्याच्या अख्ख्या सीझनचा भाव ठरला. मग गाडी वजनाच्या काट्यावर, तिथून खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या कांदा निवडायच्या जागेवर.

खळ्यावर बायकांचे हात बघा. गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा, जोड कांदा वेगळा, एकसारखा मोठा माल वेगळा. बाहेरदेशी जायचा माल गोण्यांत भरून न्हावा शेवा बंदराला जातो, तिथून दुबई, मलेशिया, श्रीलंका. बांगलादेशचा माल बंगालच्या सीमेवरून.

उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो, लाल कांदा नाही टिकत, काढला की विकावाच लागतो. आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती नेमकी लाल कांदा मार्केटला येत असताना! त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर भावानेच निर्यात करायची अट, मग बंदी, ती ३१ मार्चला संपणार होती तर अजून वाढवली, मे २०२४ मध्ये उठवली पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच, सप्टेंबरमध्ये अट काढली, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा हवा हे मान्य, पण दर दोन-चार महिन्यांनी नियम बदलला तर परदेशातल्या खरेदीदाराला शब्द द्यायचा कसा?

आफ्रिकेतल्या झांबियाची निर्यात बरीचशी तांब्यावर चालते, तिथेही २००८ मध्ये खाणींवर विंडफॉल टॅक्स, म्हणजे तांब्याचे भाव चढले की लागणारा जादा कर, लावला आणि २००९ मध्ये काढला. एकाच मालावर पोट असलेल्या मुलखाला असा कारभार फार महागात पडतो.

२०२३ च्या बंदीनंतर इथले भाव कोसळले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा हायवे अडवला. त्याआधी २०२० मध्येही निर्यातबंदी आली होती, तेव्हा तर बांगलादेशने पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा घेतला.

आता ही रोपं बघा, उन्हाळ कांद्याची. निर्यातीचा निर्णय काय तो ही रोपं टाकायच्या आधी जाहीर करा, आणि तो किमान पूर्ण हंगाम तरी बदलू नका, एवढंच मागणं आहे इथल्या शेतकऱ्यांचं.