सत्तर पानांचा पुडा

[दृश्य: अंगण, तेंदूपत्त्याचा ढीग, पानं जुळवणारे हात]

मे महिना. गडचिरोली जिल्ह्यातलं जंगलाला लागून असलेलं गाव. पहाटे तोडून आणलेला तेंदूपत्ता अंगणात पसरलाय आणि सगळं घर पुडे बांधायला बसलंय. आजीला खेटून बसलीय आठ वर्षांची नात. एका पुड्यात सत्तर पानं. ती गोंडीत पुटपुटत मोजते. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, किती पुडे गेले, हेही तिच्या तोंडपाठ असतं.

शाळेच्या नोंदीत हीच मुलगी ‘वजाबाकीत मागे’ आहे. अंगणवाडीतही ती मागेच होती. ताईंनी चित्र दाखवून मराठीत रंग विचारला, ती गप्प राहिली, तक्त्यातला रकाना कोरा राहिला. “घरी तं बोलाची थांबतच नाही,” माय सांगते.

मागे म्हणजे कोणाच्या मागे?

डी.एड.च्या पुस्तकात मुलांचा विचार कसा वाढतो याचे जीन पियाजेनं मांडलेले चार टप्पे असतात: दोन वर्षांपर्यंत, सातपर्यंत, अकरापर्यंत आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्याचं बरंचसं निरीक्षण या स्विस अभ्यासकानं स्वतःच्या तीन लेकरांवर केलं. मूल स्वतःच्या रीतीनं विचार करतं, हे त्यानं दाखवलं. ते ऋण मोठं आहे. पण पुढे त्याच टप्प्यांचं वेळापत्रक झालं आणि जगभरची मुलं त्यावर जोखली जाऊ लागली.

१९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारात माल विकणारी पाचच मुलं, पण निष्कर्ष विसरता येत नाही. गिऱ्हाइकासमोर त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली, तेव्हा ३७ टक्के.

अंगणवाडीतला वजनाचा तक्ता मात्र हवाच. कुपोषण इथं खरं आहे, आणि वजनकाट्याला बोली कळावी लागत नाही. मनाचा तक्ता भरताना भाषा, घर, काम, सगळं मध्ये येतं. पानं मोजता आली म्हणजे शिक्षण झालं, असंही नाही. या पोरीला शाळा हवीच आहे. ती जूनअखेर उघडेल. तेव्हा तिला पहिला प्रश्न कोणत्या भाषेत आणि कशाबद्दल विचारला जाईल, याची काळजी वाटते.

[दृश्य: पुन्हा अंगण]

आजीनं बांधायला घेतलेला पुडा ती हातात घेते. पानांच्या कडांवरून बोट फिरवते, थांबते. मग ढिगातून तीन पानं उचलून आत सरकवते.