वणीचे बापूजी, कोलंबोतले वकील

(दृश्य: पुसद तालुक्यातलं रान. गुडघाभर ओलं गवत, मागे सागाची रांग.)

१० जुलै १९३०. पुसदजवळचं धुंदी. वऱ्हाडात हे डवरणीचे, म्हणजे उभ्या पिकात कोळपणी करायचे दिवस. पन्नाशीला टेकलेला एक वकील सरकारच्या राखीव जंगलात शिरतो, विळा चालवतो आणि गवत कापतो. त्यासाठी त्याला सहा महिन्यांची कैद होते.

त्याच वर्षी दांडीला मीठ उचललं गेलं होतं. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याकडच्या दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्याचं मीठ केलं लोकांनी. पण पुसद-यवतमाळच्या डोंगरात खारं पाणी कुठून आणायचं? इथल्या माणसाला रोज टोचणारा कायदा जंगलाचा होता. ढोरं चारायची, सरपण आणायचं, गवताचा भारा बांधायचा, तर आधी सरकारची परवानगी. कोलाम, गोंड, बंजारा, कुणबी, सगळ्यांनाच त्याचा जाच. म्हणून इथे मोडायचा तो हाच कायदा. अकरा दिवसांनी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनीही सत्याग्रह केला.

धुंदीच्या त्या वकिलाचं नाव माधव श्रीहरी अणे. लोकांचे बापूजी. पुढे लोकनायक.

(दृश्य: वणी. बाजारपेठ, कापसाच्या गाड्या.)

जन्म वणीचा, २९ ऑगस्ट १८८०. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, मग अमरावतीला काही वर्षं शाळेत मास्तरकी, आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली. त्याच साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडलं गेलं. अणे टिळकांचे, आणि शेवटपर्यंत टिळकांचेच राहिले. १९२१ पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. ते सांभाळत असतानाही कायदेमंडळावर बहिष्कार घालणं त्यांना पटलं नाही. १९२६ मध्ये जयकर, केळकर, मुंजे यांच्यासोबत ते प्रतियोगी सहकारितेच्या, म्हणजे सरकार जसं वागेल तसं सहकार्य किंवा विरोध करायच्या बाजूला उभे राहिले.

दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळातली त्यांची जागाही निराळी होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे वऱ्हाडातून निवडून आलेला माणूस तिथे नावापुरता ‘नेमलेला’ म्हणून बसायचा. कामकाजात अण्यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असं लागायचं. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या समितीने देशाच्या घटनेचा आराखडा केला, त्या समितीतही यवतमाळचा हा वकील होता. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्यावरून, म्हणजे समाजवार वेगळे मतदारसंघ देणाऱ्या इंग्रज सरकारच्या निर्णयावरून पक्षाशी बिनसलं, तेव्हा मदनमोहन मालवीयांसोबत त्यांनी वेगळा पक्ष काढला.

आता त्यांच्या आयुष्यातला अवघड भाग. तो टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

१९४१ मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांच्याकडे परदेशी राहणाऱ्या हिंदी लोकांचं खातं होतं. वर्षभरात ‘चले जाव’ पेटलं. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला जे झालं, ते विदर्भाला सांगावं लागत नाही. वर्धा नदी ओलांडली की चांदा जिल्हा, यवतमाळचा सख्खा शेजारी. चिमूरच्या बायकांवर पोलीस-लष्कराकडून अत्याचार झाले आणि सरकार चौकशी करीना. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी थेट दिल्लीला अण्यांच्या दारात जाऊन उपोषणाला बसले. सरकारात बसलेल्या वऱ्हाडी माणसाकडे जाब मागायचा त्यांना पूर्ण हक्क होता. अणे तेव्हा खुर्चीवरच राहिले. त्यांनी त्याच वेळी उठायला हवं होतं, असं मला वाटतं.

ते उठले फेब्रुवारी १९४३ मध्ये. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचं एकवीस दिवसांचं उपोषण सुरू होतं आणि सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि बापूजी अणे या तिघांनी राजीनामे दिले. गांधीजींशी अण्यांचे मतभेद जुने होते, तरी त्यांच्या जिवासाठी पद सोडताना ते आड आले नाहीत.

(दृश्य: चहाचे मळे, डोंगरउतारावर पाठीला टोपल्या लावलेल्या बायका.)

त्याच वर्षी ते समुद्रापार गेले. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून. देश स्वतंत्र नव्हता, म्हणून राजदूत हे नाव नव्हतं, पण काम राजदूताचंच. विदर्भात त्यांच्या आयुष्यातला हा काळ फारसा कुणी सांगत नाही. मला तो धुंदीइतकाच मोठा वाटतो.

कारण तिथला प्रश्न मजुरांचा होता. चहा-रबराच्या मळ्यांवर तमिळ मुलखातून नेलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबत होती. राहायला मालकाने दिलेल्या चाळवजा खोल्या, मजुरी कंगाणीच्या, म्हणजे मुकादमाच्या हाताखाली. १९३९ मध्ये सिलोन सरकारने आपल्या खात्यांतल्या रोजंदारीवरच्या हिंदी कामगारांना काढायला सुरुवात केली, तेव्हा हिंदुस्थान सरकारने तिकडे नवे मजूर जाण्यावर बंदी घातली. मलाया जपानच्या हाती गेल्यावर दोस्त राष्ट्रांना सिलोनचं रबर फार मोलाचं झालं. म्हणजे मजूर हवे होते, पण त्यांना नागरिक म्हणून मान्य करायचं की नाही, यावर तिथले पुढारी अडून बसले होते. मताचा हक्क कुणाला, कायमचा रहिवासी कुणाला म्हणायचं, हा वाद ऐन रंगात असताना अणे कोलंबोत होते. सोलबरी आयोग बेटाच्या नव्या घटनेसाठी आला, तोही याच काळात. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या माणसाला एका कागदाने परकं ठरवता येतं, हे ज्याने पुसदला पाहिलं होतं, त्याला मळ्यावरच्या मजुराचं दुखणं समजायला वेळ लागला नसावा.

१९४७ मध्ये अणे परतले. त्यांच्यानंतर तिथे गेले व्ही. व्ही. गिरी, स्वतंत्र भारताचे उच्चायुक्त म्हणून. पण १९४८ मध्ये सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि मळ्यांवरची लाखो माणसं कुठल्याच देशाची राहिली नाहीत. १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांचा प्रश्न होता. त्यांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने, उरलेल्यांचं नंतर बघायचं. तेव्हा लोकसभेत नागपूरचे खासदार होते बापूजी अणे, वय चौऱ्याऐंशी.

मधली वर्षं थोडक्यात. संविधान सभेचे सदस्य. जानेवारी १९४८ ते जून १९५२ बिहारचे राज्यपाल. मग पुन्हा विदर्भ. १९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं, विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, आणि म्हातारपणी त्यांनी वेगळ्या विदर्भाचा झेंडा खांद्यावर घेतला. १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि १९६२ मध्ये नागपूरने त्यांना निवडून दिलं. त्यांचे नातू श्रीहरी अणे हेही वकील. त्यांनी २०१६ मध्ये राज्याचं महाधिवक्तापद सोडलं ते वेगळ्या विदर्भ-मराठवाड्याच्या मागणीच्या वादातून.

(दृश्य: संस्कृत पोथीची पानं.)

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजी गेले. त्याच वर्षीचं पद्मविभूषण त्यांना मिळालं. मागे राहिलं टिळकांच्या चरित्रावरचं त्यांचं संस्कृत महाकाव्य, ‘श्रीतिलकयशोऽर्णव’. कोर्ट, तुरुंग, कोलंबो, पाटणा, दिल्ली एवढं सगळं करून या माणसाने आपल्या गुरूवर हजारो श्लोक रचले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७३ मध्ये.