टाइमलाइनच्या डाव्या कडेला काय असतं

प्रीमिअर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम शिकणाऱ्यांकडून दोन तक्रारी कायम ऐकू येतात. 'एक शॉट टाकला आणि पुढचं सगळं हललं' ही एक. दुसरी नेमकी उलटी: 'सगळं हललं, नावपट्ट्या मात्र जागच्या जागी राहिल्या.' दोन्हींचं उत्तर टाइमलाइनच्या (क्लिप क्रमानं मांडायच्या पट्ट्याच्या) डाव्या कडेला, ट्रॅकच्या म्हणजे एकावर एक असलेल्या थरांच्या नावाजवळच्या बारीक खुणांत असतं.

समजा, सेकंदाला २५ फ्रेमची सीक्वेन्स (क्लिपची जुळणी) आहे. व्ही म्हणजे व्हिडिओचा ट्रॅक, ए म्हणजे ऑडिओचा. व्ही१ आणि ए१ वर मुलाखत, व्ही२ वर नावपट्ट्या, ए३ वर सलग संगीत. प्लेहेड (सध्याची जागा दाखवणारी उभी रेघ) १ मिनिट १२ सेकंदांवर ठेवून तुम्ही कॉमाची कळ दाबली आणि ३ सेकंदांचा शॉट इन्सर्ट केला, म्हणजे मधे घातला. मुलाखत ७५ फ्रेम पुढे सरकली. ते हवंच होतं. पण संगीतही तिथेच कापलं गेलं आणि मधे ३ सेकंद शांतता पसरली. कारण ए३ चा सिंक लॉक चालू होता. सिंक लॉक चालू म्हणजे, दुसरीकडे जागा केली की या ट्रॅकनंही तेवढंच सरकायचं. सलग क्लिप सरकवायची तर ती प्लेहेडपाशी तोडावीच लागते. कंट्रोल-झेड करा, ए३ चा सिंक लॉक बंद करा, पुन्हा कॉमा दाबा. संगीत अखंड राहील. फक्त पुढचे कट ठेक्यावर बसवलेले असतील तर ते आता ७५ फ्रेम उशिरा पडतील, तेवढं तपासा.

व्ही२ चा सिंक लॉक मात्र चालूच हवा. तो बंद असेल तर पुढची प्रत्येक नावपट्टी ७५ फ्रेम आधी येते आणि एका माणसाचं नाव दुसऱ्याच्या चेहऱ्याखाली दिसतं. याची सूचना कुठेही मिळत नाही. क्लिपवर लाल आकडा येतो तो एकमेकांना जोडलेलं चित्र आणि आवाज फाटले तरच. नावपट्टी कशालाच जोडलेली नसते. म्हणूनच ही चूक सगळ्यात घातक.

कुलपाचं चिन्ह याहून वेगळं. 'धक्का लागू नये' म्हणून बरेच जण ट्रॅकला कुलूप लावतात. पण कुलूपबंद ट्रॅक सरकतही नाही. ए१ ला कुलूप ठेवून व्ही१ वर इन्सर्ट केलं की तिथून पुढे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. अशा वेळी एकेक क्लिप जुळवत बसू नका. मागे जा, कुलूप काढा, इन्सर्ट पुन्हा करा.

आता 'व्ही१' हे अक्षर दोनदा का दिसतं ते पाहू. अगदी डावीकडचा सोर्स पॅच, म्हणजे नवा शॉट कुठल्या ट्रॅकवर जाणार ते ठरवणारी खूण; त्याच्या उजवीकडचा टार्गेट. कॉमानं होणारं इन्सर्ट आणि पूर्णविरामाच्या कळीनं होणारं ओव्हरराइट (आधीचं पुसून त्यावर ठेवणं) शॉट कुठे ठेवायचा यासाठी फक्त पॅच बघतात. चित्र आलं, आवाज आला नाही, तर ए१ चा पॅच बंद आहे. पेस्ट, एका कटवरून दुसऱ्यावर नेणारे वर-खाली बाण आणि प्लेहेडपाशी क्लिप कापणारं कंट्रोल-के हे टार्गेट बघतात. व्ही१ आणि व्ही२ दोन्ही टार्गेट असताना नावपट्टी पेस्ट केली तर ती खालच्या, म्हणजे व्ही१ वर जाते आणि मुलाखतीचा तेवढा तुकडा खाते. म्हणून व्ही१ चं टार्गेट बंद करायचं. ते परत चालू करायला विसरलात की बाणाची कळ मुलाखतीचे कट ओलांडून जाते आणि कळच बिघडली असं वाटतं. शिफ्ट धरून बाण दाबला तर सगळ्या ट्रॅकवरचे कट मोजले जातात.

मोकळी जागा निवडून रिपल डिलीट (जागा काढून पुढचं मागे ओढणं) केलं आणि काहीच घडलं नाही, तर त्या जागेवरून सिंक लॉक असलेल्या दुसऱ्या ट्रॅकची एखादी क्लिप जाते आहे. आपल्या उदाहरणात ते संगीतच. ए३ चा सिंक लॉक काढला की जागा मिटते.

स्टीरिओ (दोन चॅनलची) क्लिप एखाद्या ऑडिओ ट्रॅकवर बसतच नसेल तर तो ट्रॅक बहुधा मोनो (एकाच चॅनलचा) आहे. ट्रॅकचा प्रकार बनवतानाच ठरतो, नंतर बदलत नाही. स्टँडर्ड प्रकारचा नवा ट्रॅक घ्या. त्यावर मोनो आणि स्टीरिओ दोन्ही चालतात. क्लिपचे ऑडिओ चॅनल बदलायचे असतील तर ती टाइमलाइनवर आणण्याआधी बदला. आधीच ठेवलेल्या क्लिपवर त्या बदलाचा परिणाम होत नाही.

मोठं काम हाती घेताना शिफ्ट धरून कुठल्याही एका व्हिडिओ ट्रॅकच्या सिंक लॉकवर क्लिक करा, सगळे व्हिडिओ ट्रॅक एकदम बदलतात. ऑडिओसाठी तेच वेगळं करायचं. मग त्यातून फक्त संगीताचा ट्रॅक वगळा.