वहीची सजावट आणि रोजची कामं

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या वर्षाची डायरी संक्रांतीपर्यंत नेमाने लिहिली जाते आणि मग तिच्यात दुधाचा हिशेब सुरू होतो. यात दोष फक्त आळसाचा नाही. छापील डायरीत प्रत्येक दिवसाला एकच पान. काही घडलं नाही त्या दिवशी ते कोरं राहतं, आणि घरात लग्न असलं की तेच पान अपुरं पडतं.

बुलेट जर्नल म्हणजे छोट्या खुणांनी कामं आणि नोंदी लिहायची वही; तिच्यात पानं आपली आपण आखायची असतात. ब्रुकलिनमधला डिझायनर रायडर कॅरल याने ही पद्धत २०१३ मध्ये लोकांपुढे मांडली. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी टिकत नसे, म्हणून त्याने स्वतःपुरती बसवलेली ही रीत. सुरुवातीची पानं अनुक्रमणिकेला ठेवायची. मग पुढच्या सहा महिन्यांचा आराखडा, मग चालू महिना, आणि त्यानंतर रोजच्या नोंदी. काम असेल तर ठिपका, कार्यक्रमाला छोटा गोल, नुसती नोंद असेल तर आडवी रेघ. काम झालं की ठिपक्यावर फुली.

आता गंमत बघा, यात सजावट कुठेच नाही! कॅरलला एक वही आणि एक पेन पुरतं. फुलं, वेली, रंगीत पट्ट्या हे सगळं नंतर हौशी मंडळींनी आणलं आणि इन्स्टाग्रामने घरोघर पोचवलं. ही हौस मला वाईट वाटत नाही. सुंदर वही माणूस जास्त वेळा उघडतो. पण सजवायचं ते महिन्याचं पान. एखाद्या रविवारी निवांत बसून ते रंगवा. जूनच्या पानावर पालखी काढा आणि शेजारी लिहा, ‘पालखी पुण्यात यायच्या आधी नाना पेठ, भवानी पेठेतली कामं उरका’. चित्राकडे डोळा जातो आणि सूचनाही वाचली जाते. रोजचं पान मात्र साधंच असू द्या. सकाळी गॅसवर दूध असताना त्यावर चार ओळी लिहायच्या असतात, तिथे वेलबुट्टी काढत बसलात तर दूध उतू जाणार आणि यादीही अर्धीच राहणार.

रंगांनाही काम द्यावं. आईच्या औषधांना हिरवा, मुलांच्या शाळेला निळा, बिलांना लाल. तीन रंग पुष्कळ झाले. सात झाले की कोणता कशाचा, हे लिहायला वेगळं पान लागतं.

सामान आणायला पुण्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहेच. फक्त शाळा उघडण्याच्या आठवड्यात तिकडे फिरकू नका. ठिपक्यांची वही मागा, तिच्यात ठिपके बहुधा पाच-पाच मिलिमीटरवर असतात. ज्यांचा हात ठिपक्यांच्या रांगोळीवर बसलेला आहे, त्यांना पट्टीही लागणार नाही. कागद ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) असेल तर जेल पेन चालतं, ब्रश पेनची शाई मात्र मागच्या बाजूला दिसते. म्हणून नवं पेन आधी शेवटच्या पानावर चालवून बघावं. वॉशी टेप ही जपानी कागदी चिकटपट्टी हलक्या हाताने काढली तर सहसा कागद फाडत नाही. चुकलेली ओळ झाकायलाही ती बरी.

या पद्धतीचं खरं बळ मला महिनाअखेरीच्या कामात दिसतं. राहिलेली कामं हाताने पुन्हा नव्या महिन्यात उतरवायची आणि जुन्या ठिपक्याचा बाण करायचा. मोबाईलमधली यादी आपोआप पुढे सरकते, त्यामुळे तिचं ओझं जाणवत नाही. इथे ‘माळ्यावरची भांडी कल्हईला देणे’ हे तिसऱ्यांदा लिहिताना हात थांबतो. भांडी हवी आहेत की नकोत? हवी असतील तर समोर तारीख घाला, नसतील तर सरळ रेघ मारा. घरातल्या कितीतरी कामांचा निकाल असा लागतो, आणि त्यातली निम्मी कामं आपण कुणाच्या तरी धाकाने यादीत ठेवलेली असतात.

नवी वही लगेच आणायलाच हवी असं नाही. मुलांची अर्धी कोरी चौकडीची वही घ्या, पानांना आकडे घाला आणि चालू महिन्यापासून सुरू करा. जानेवारीची वाट कशाला बघायची?

नमस्कार.