बर्व्यांची म्हणून छापलेली पत्रं

(राजाराम बंधारा. पाऊस, पाण्याचा आवाज.)

पंचगंगा चढायला लागली की कोल्हापूरकराच्या तोंडी दोनच आकडे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मोजतात ते इथं, या बंधाऱ्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून पाऊस लागला की माणसं मोबाईल उशाशी घेऊन झोपतात.

आणि रात्री व्हिडिओ येतो. ‘राधानगरीचे सगळे दरवाजे उघडले! पुढं पाठवा!’ राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे ७. व्हिडिओतले मोजायला कुणाला सवड असते? पाठवणारा काही वाईट नसतो. त्याची बहीण खाली नदीकाठच्या शिरोळात दिलेली असते, एवढंच.

(जुना राजवाडा. भवानी मंडप.)

काळजीपोटी केलेली अशीच एक घाई या राजवाड्यावरून झाली होती. गादीवर चौथे शिवाजी महाराज, वयानं कोवळे. त्यांना वेडं ठरवलेलं. कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, अशी कुजबुज होती. बर्व्यांनीच लिहिलेली म्हणून काही पत्रं पुण्यात पोचली आणि ‘केसरी’, ‘मराठा’मधून ती गाजली. दोन्ही वर्तमानपत्रं तेव्हा जेमतेम वर्षाची, आगरकर आणि टिळक पंचविशीतले.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली; बर्वे बधले नाहीत. जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले. सुटले तेव्हा स्वागत जंगी झालं. शाळेत आपण ते १०१ दिवस छाती फुगवून शिकलो. बनावट पत्रं मात्र धड्यात अर्ध्या ओळीत उरकली, निदान आमच्या गुरुजींनी तरी.

गंमत म्हणजे, काळजी खोटी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. राजाचे हाल खरे होते, कागद खोटा होता. आणि त्या खोट्या कागदानं कोर्टात चर्चा झाली ती बर्व्यांच्या अब्रूची. महाराज बाजूलाच राहिले.

(पुन्हा बंधारा. पहाट. पाण्यात बुडालेली मोजपट्टी.)

ग्रुपवर एकजण विचारतो, ‘कधीचा आहे रे ह्यो व्हिडिओ?’

खाली हात जोडल्याच्या चार खुणा येतात. मग कुणीतरी तोच व्हिडिओ परत टाकतं.