हलगी तापली की बोलूया

(दृश्य: सकाळ, हडपसर. पत्र्याची खोली, भिंतींवर दोरीने टांगलेल्या गोधड्या.)

ह्या गोधड्या आईच्या आहेत. तीन भिंतींवर टांगल्यात, चौथ्या भिंतीला कपाट आहे, त्याचं दार उघडं ठेवलंय कारण आतले कपडे आवाज खातात. आज इथे आमच्या रॅपच्या बीटसाठी हलगी रेकॉर्ड करायचीय. पण त्याच्या आधी ही वही बघा, सगळं हिच्यातूनच सुरू झालं.

(दृश्य: वहीची पानं, जवळून. निळी शाई, खाडाखोड.)

शाळेची दोनशे पानी वही. शुक्रवार आला की नवीन अल्बम येतो, नवीन पिक्चर येतो, आम्ही दोघं मित्र ऐकतो, बघतो आणि हिच्यात लिहितो. नियम एकच आहे, अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायचा, मध्ये फोनला हात लावायचा नाही आणि रीलमधला पंधरा सेकंदांचा तुकडा ऐकून मत बनवायचं नाही. मत बदललं तर जुनं खोडायचं, पण वाचता येईल असं खोडायचं.

हे पान जीएनएक्सचं. 22 नोव्हेंबर 2024 ला केंड्रिक लमार ह्या अमेरिकन रॅपरने कुणालाही न सांगता हा अल्बम टाकला, 12 गाणी, 44 मिनिटं. आणि सुरुवातीला आवाज त्याचा नाहीच, देयरा बरेरा नावाची मारियाची, म्हणजे मेक्सिकोचं लोकसंगीत गाणारी गायिका स्पॅनिशमध्ये गाते, मग तो येतो. पुढे लॉस एंजेलिसची अशी पोरं येतात ज्यांची नावं आम्ही तोपर्यंत ऐकलीही नव्हती. वहीत पहिल्या रात्री लिहिलंय, "मधली दोन गाणी नसती तरी चाललं असतं." ते अजून खोडलेलं नाही, मत तेच आहे. पण खाली दुसऱ्या दिवशीची ओळ आहे बघा: "पुलित्झर मिळालेला माणूस, तरी गल्लीतल्या पोरांच्या हातात माइक दिला." पुलित्झर म्हणजे अमेरिकेतला मोठा पुरस्कार. ही ओळ दोनदा अधोरेखित केलीय.

सीधे मौत ही दिल्लीची रॅप जोडी, त्यांचं लंच ब्रेक 2023 चं. दोघंही लय ताकदीचे, श्वास कुठे घेतात कळत नाही, पण 30 गाणी म्हणजे फार झालं. आम्ही वहीत आमची 18 गाण्यांची यादी काढली होती, तेवढाच अल्बम असता तर आज त्याला वर्षातला एक नंबर म्हणालो असतो.

(दृश्य: ताडीवाला रोड, संध्याकाळ. स्टेशनकडून येणारी गर्दी, भिंतीवर रंगवलेली नावं.)

आणि हा ताडीवाला रोड. रॅपर एमसी स्टॅन इथला. त्याचा तडीपार अल्बम 2020 ला आला तेव्हा पुण्याबाहेरच्या लोकांना अर्धे शब्द कळत नव्हते, आपल्याला कळत होते. तो शेमडी शेमडी म्हणतो ना, तो आपला शेंबडा आहे, घराघरात पोरांना म्हणतात तो, आणि तो शब्द त्याने देशभर नेला. तडीपार मी आजही सलग ऐकतो. 2022 चा इन्सान अल्बम आला तेव्हा मात्र ऑटोट्यून, म्हणजे मशीनने सुरात बसवलेला आवाज, जास्त वाटला आणि गल्ली कमी, चार गाण्यांनंतर मी पुढे ढकलत गेलो, हे त्याच्या फॅन्सना आवडणार नाही पण मीही फॅनच आहे आणि फॅनने खरं बोललं पाहिजे.

गली बॉय ह्या रॅपवरच्या पिक्चरबद्दल सगळे विचारतात. 14 फेब्रुवारी 2019, पहिला शो, आम्ही दोघंही होतो. त्या पिक्चरने दार उघडलं हे मान्य केलंच पाहिजे, त्याच्या आधी घरात रॅप म्हटलं की काहीतरी टपोरी प्रकार वाटायचा, नंतर आईनेच "ते आपना टाइमवालं लाव" म्हटलं. मुंबईचा रॅपर नेझी, त्याने आयपॅडवर आफत गाण्याचा व्हिडिओ शूट केला, डिव्हाइन ह्या दुसऱ्या रॅपरसोबत मेरे गली में केलं, त्या पोरांच्या आयुष्यातून हा पिक्चर आला. पण मला त्यातलं सगळ्यात जवळचं गाणं इंडिया 91, जे फार कमी लोकांना पाठ आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालनच्या कोन्नकोलवर, म्हणजे तोंडाने बोललेल्या मृदंगाच्या बोलांवर, वेगवेगळ्या भाषांतली पोरं उतरतात. अमरावतीचा रॅपर 100 आरबीएच आहे, गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड आहे. इथे मला पहिल्यांदा वाटलं की हे आपलं आहे, अमेरिकेच्या तालावर मराठी चिकटवलेलं नाही. तोडफोड 2022 च्या मार्चमध्ये गेला, 24 वर्षांचा होता.

(दृश्य: लॅपटॉप, आवाजाच्या लाटा. दोन हात.)

तोडफोड आणि 100 आरबीएच ज्या स्वदेशी नावाच्या मुंबईच्या रॅप ग्रुपमधले, त्या ग्रुपने 2019 ला द वारली रिव्होल्ट हे गाणं काढलं. मुंबईतल्या आरेच्या जंगलात पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर त्यात स्वतः गातात. ते "नमुना" म्हणून लावलेले नाहीत, गाण्याचा कणाच ते आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत दोन हजारांवर झाडं कापली गेली.

मग मागच्या वर्षी, म्हणजे एप्रिल 2025 ला, सिनर्स बघितला. रायन कूगलरचा. 1932 चं मिसिसिपी, मायकल बी. जॉर्डन जुळ्या भावांच्या डबल रोलमध्ये, पुढे रक्तपिपासू वगैरे येतात, ते ठीक आहे, आमच्या वहीत त्यावर अर्धीच ओळ आहे. पण त्यातला तो नाचाचा सीन! पोरगा गिटार घेऊन ब्लूज गायला लागतो आणि त्या लाकडी गिरणीत त्याचे पूर्वज येतात, आफ्रिकेतले वाजवणारे येतात, आणि त्यांच्या शेजारीच इलेक्ट्रिक गिटारवाला, टर्नटेबलवर डीजे, हिपहॉपवर नाचणारी पोरं, जे अजून जन्मायचेत ते. सगळे एकाच तालावर. पिक्चर रॅपवर नाहीच, तरी हिपहॉप कुठून आलं हे ह्याच्याइतकं नीट मला कुठल्याच रॅपवरच्या पिक्चरने सांगितलेलं नाही. थेटरातून बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, आपल्या सीनमध्ये कोण आलं असतं? मी म्हटलं, शाहीर. तो म्हणाला, हलगी.

(दृश्य: अंगण. मामा, जुनी पेपरची रद्दी, पाचट, आग.)

हे मित्राचे मामा, बार्शीहून आलेत, लग्नात, मिरवणुकीत, कुस्तीच्या फडात वाजवत आलेत आयुष्यभर. हलगी अशी लगेच वाजत नाही. कातडं सैल असतं, सकाळच्या दमट हवेत तर जास्तच, म्हणून आधी तापवायची. बघा कशी धरतात, ज्वाळेवर सरळ नाही, ज्वाळेच्या कडेला, आणि गोल फिरवत राहतात कारण एकाच जागी धरली तर कातडं करपतं. मधेच बोटाने टक् करून बघतात. आधी ढप् येतं, मग डब्, आणि एकदम ते कोरडं, टणक, कानात घुसणारं टण्. ते आलं की मामा मान हलवतात. एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात लांब बारीक, आणि हा जो बारीक काठीचा कडकडाट आहे ना, ट्रॅप बीटमध्ये, म्हणजे आजच्या रॅपच्या मशीनवरच्या तालात, हाय हॅट नावाची झांज जे काम करते तेच काम आहे, फक्त मशीन नाही, मनगट आहे.

मित्र दिवसा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात असतो, हा माइक त्याने दोन पगारांतून घेतला. पहिला टेक फाटला, हलगीचा आवाज एवढा मोठा की माइक सहा फूट लांब, वर गोधडीत ठेवावा लागला. मामांना क्लिक ट्रॅक, म्हणजे ताल धरायला लावलेली टिकटिक, कानात दिला तर ते अडखळले, म्हणाले, हे टिकटिक माझ्या मागे का लागलंय. मग क्लिक काढून टाकला. मामा वाजवतील तसं, बीट त्यांच्यामागे जाईल, त्यांना लॅपटॉपवरच्या तालाच्या चौकटीत, ग्रिडमध्ये, बसवायचं नाही असं ठरलं. माझ्या मते आजच्या दिवसातला हाच सगळ्यात मोठा निर्णय होता.

पिक्चरबद्दलही आपलं असंच म्हणणं आहे, त्याला त्याच्या तालावर चालू द्यावं. स्थळ बघा, मार्च 2025 ला लागला, जयंत सोमलकरांचा, चंद्रपूरकडचं गाव. पोरीला बघायला येतात, स्टुलावर बसवतात, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, परत दुसरे येतात, परत तेच प्रश्न. चौथ्यांदा ते प्रश्न आले तेव्हा ते गाण्यात परत परत येणाऱ्या ओळीसारखे, हूकसारखे, अंगावर येतात, नुसत्या रिपीटवर. साबर बोंडं ह्या पिक्चरमध्ये रोहन कानवडेंनी तर पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. दहा दिवसांचं सुतक, गाव, दोन माणसं, आणि तुम्ही शांतता ऐकत बसता. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइज मिळवून आला हा पिक्चर. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात सकाळचा एकच शो उरला होता.

(दृश्य: खोली. हेडफोन मामांच्या कानावर.)

मामा पहिल्यांदा स्वतःची हलगी हेडफोनमध्ये ऐकतायत. इथे मी काही बोलत नाही.

(दृश्य: दहा सेकंद, फक्त हलगी.)

दुसऱ्या टेकपर्यंत कातडं परत थंड पडलं. मामा उठले, रद्दी संपली होती म्हणून मित्राने माइकचा खोका फाडून दिला. वहीवर आजची तारीख टाकलीय, खाली अजून काही लिहिलेलं नाही. मामा म्हणाले, थांबा पोरांनो, तापू दे जरा.