किती वाव खोल?

(उपवासकाळात मुंबईतील मराठी मंडळीसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधुभगिनींनो,

‘प्रभू, तुझी प्रीती किती खोल आहे’ हे वाक्य आपल्या प्रार्थनेत इतकं सहज येऊन जातं की त्यातल्या ‘खोल’ या शब्दापाशी कोणी थांबत नाही. आज तिथेच थांबू या. खोल म्हणजे नेमकं काय, आणि ही खोली मोजायची कशी?

मोजायची रीत कोळीवाड्यात जुनीच आहे. यंत्रं नव्हती तेव्हा दोरीला वजन बांधून ती पाण्यात सोडायची. वजन तळाला टेकलं की दोरी सैल पडते. मग ती वर ओढताना दोन्ही हात फाकवून मोजायची. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 27 मध्ये प्रेषित पौलाचं जहाज वादळात सापडलंय, वर 276 माणसं आहेत आणि मध्यरात्री खलाशी पाणी मोजतात. आधी 20 वाव भरतं, थोडं पुढे गेल्यावर 15. तिथला ग्रीक शब्द आहे ‘ऑर्गिया’, आणि तोही हात पसरण्यावरूनच आलेला आहे. खोलीचं माप म्हणजे पसरलेले दोन हात, हे त्या खलाशांनाही माहीत होतं आणि वरळी-वेसाव्याच्या कोळ्यांनाही.

अंधारात नुसतं पाण्याकडे बघून खोली कळत नाही. तसंच उपासनेत मन भरून आलं, डोळ्यांत पाणी आलं, म्हणून देवाच्या प्रीतीची खोली कळली असं होत नाही. ते अश्रू खरेच असतात, पण ते माप नव्हे. दोरी शास्त्रभागात सोडावी लागते आणि वाव मोजावे लागतात.

इफिसकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, 14 ते 19 या ओव्यांत, पौल गुडघे टेकून प्रार्थना करतो. ज्यू माणूस एरवी उभा राहून प्रार्थना करी, म्हणून गुडघे टेकण्याला इथे वजन आहे. अध्यायाच्या पहिल्याच ओवीत तो स्वतःला ख्रिस्ताचा बंदिवान म्हणवतो. या सहा ओव्या ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे. तो रुंदी, लांबी, उंची, खोली अशी चार मापं सांगतो, पण ती कशाची हे चटकन सांगत नाही. पुढच्या ओवीत ख्रिस्ताच्या प्रीतीचं नाव येतं, आणि तीसुद्धा बुद्धीच्या पलीकडची म्हणून. आपण घाईने वाचतो आणि मधले तीन शब्द गाळतो: ‘सर्व पवित्र जनांसह’. ही खोली एकट्याने मोजायची नाही. आणि ‘सर्व’ म्हणजे कोण, ते आदल्याच अध्यायात आलंय: मधली आडभिंत पाडून एक केलेले यहूदी आणि परराष्ट्रीय. यरुशलेमच्या मंदिरात अशी भिंत खरोखरच होती. तिच्यावरची ग्रीक लेखाची शिळा 1871 साली सापडली. परक्या माणसाने आत पाऊल टाकलं तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, असा मजकूर तिच्यावर आहे. मुंबईत एकाच चर्चच्या इमारतीत सकाळी मराठी उपासना होते आणि दुपारी तमिळ. दोन्ही मंडळ्या दारात एकमेकींना ओलांडून जातात. वर्षातून एकदा तरी एकत्र बसून हा अध्याय वाचल्याशिवाय पौलाचे ते तीन शब्द आपल्याला लागू होत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आता दोरी सोडू. फिलिप्पैकरांस पत्र 2:6 ते 8 हा उतरणीचा भाग आहे. पेन्सिल घेऊन पायऱ्यांवर खुणा करा. देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते धरून ठेवलं नाही. स्वतःला रिक्त केलं. दासाचं रूप घेतलं. माणसासारखा झाला. स्वतःला लीन केलं. मरणापर्यंत आज्ञा पाळली. इथे वाक्य संपायला हवं होतं, पण पौल आणखी एक पायरी खाली नेतो: ‘आणि तेही वधस्तंभावरचे’. रोमन नागरिकाला ही शिक्षा सहसा देत नसत. ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. दासाचं रूप घेतलं हे वर आलंच होतं, मरणही दासाचंच आलं. खोली म्हणजे ही उतरण. देव आपल्याविषयी किती तीव्रतेने हळहळतो, यापेक्षा तो किती खाली आला याचं हे माप आहे.

दुसरं माप पैशाचं. मत्तय 18 मधला निर्दय चाकराचा दाखला सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातला हिशेब फार थोडे जण करतात. चाकराचं देणं दहा हजार तालांत. तालांत हे मूळचं वजन, आणि चांदीच्या एका तालांताचे सुमारे 6,000 दिनार होत. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. नाक्यावरच्या मजुराचा रोज हिशेबापुरता 800 रुपये धरा. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, 4,800 कोटी रुपये. वर्षाला 300 दिवस कामाचे धरले तर फेडायला दोन लाख वर्षं. हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला 200 तालांत उत्पन्न होतं, असं इतिहासकार योसेफस सांगतो. म्हणजे पन्नास वर्षांचा अख्ख्या मुलुखाचा वसूल. आणि हा चाकर काय म्हणतो? ‘मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन.’ त्याला वाटतं, आपल्याला फक्त मुदत कमी पडतेय. धनी त्याला मुदत देत नाही, देणंच सोडून देतो. मग ते 4,800 कोटी गेले कुठे? हवेत विरले नाहीत. ते धन्याच्या खात्यात तोटा म्हणून पडले. क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला ती केवढ्याला पडते, हा आकडा म्हणजे खोली.

माफी मिळालेला हाच चाकर बाहेर पडून आपल्या सोबतच्या दुसऱ्या चाकराचा गळा धरतो आणि त्याला काही सोडत नाही. त्या दुसऱ्याचं देणं 100 दिनार, म्हणजे 80,000 रुपये. प्रवचनात ही रक्कम ‘क्षुल्लक’ म्हणून सांगतात, ते चूक आहे. चाळीतल्या घरात 80,000 रुपये बुडाले तर मुलाची फी अडते, औषधं अडतात. तुमचं कोणी खरोखर नुकसान केलं असेल तर ते नुकसान नाहीच असं येशू म्हणत नाही. तो फक्त दोन्ही आकडे एकाच पानावर मांडतो. सहा लाखास एक असं ते प्रमाण आहे.

भाषेचंही थोडं बघा. शुभवर्तमानात येशूला लोकांचा ‘कळवळा आला’ असं येतं, तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून बनलेला आहे. आपणही आतडं तुटतं म्हणतो, पोटात कालवतं म्हणतो. लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, घर सोडून गेलेला मुलगा परतताना दूर असतानाच बापाला असा कळवळा येतो. मुलाने घोकून आणलेलं बोलणं ओवी 18-19 आणि 21 शेजारी ठेवून वाचा. ‘मला मोलकऱ्यासारखं ठेवा’ हे शेवटचं वाक्य बाप त्याला बोलूच देत नाही.

संदेष्टा होशेय याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात त्याने आपल्या अविश्वासू बायकोला परत आणायची किंमत दिली आहे: 15 शेकेल (हे वजन) चांदी आणि दीड होमर (हे धान्याचं माप) जव. निर्गम 21:32 मध्ये दासाची भरपाई 30 शेकेल. म्हणजे निम्मी रोख आणि उरलेलं धान्याने. पदरी असेल ते सगळं गोळा करून माणूस देतो, तसं ते दिसतं. होशेय वाचायचा तर अध्याय 1 ते 3 आणि 11 एका बैठकीत वाचा, सुटा वाचू नका.

हे घरी करायचं असेल तर चार आठवडे पुरतात. आठवड्याला एक भाग: फिलिप्पै 2, मत्तय 18, होशेय, आणि शेवटी रोमकरांस पत्र 8:31-39. रोज पंधरा मिनिटं, एकदा मोठ्याने आणि एकदा मनात. वहीत दोन रकाने आखा. एकात देवाने काय केलं ती क्रियापदं, दुसऱ्यात ते कोणाला केवढ्याला पडलं. ‘मला काय वाटलं’ हा तिसरा रकाना मुद्दाम ठेवू नका. तो ठेवला की पहिल्या आठवड्यात भरभरून लिहिलं जातं, तिसऱ्या आठवड्यात काही सुचत नाही, आणि माणूस समजतो की देव दूर गेला. दूर गेलेला असतो तो पहिल्या आठवड्याचा उत्साह. आठवड्याअखेरीला घरसभेत वह्या समोर ठेवून बोला. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं.

दोन चुका मात्र टाळायला हव्यात. पहिली, बाप रागावलेला आणि पुत्र मायाळू, पुत्राने मध्ये पडून बापाची समजूत काढली, अशी मांडणी. रोमकरांस 5:8 म्हणतं की आपण पापी असतानाच देवाने स्वतःची प्रीती दाखवली. 2 करिंथकरांस 5:19 म्हणतं, देव ख्रिस्तामध्ये होता. वधस्तंभामुळे देव प्रीती करू लागला नाही, प्रीती होती म्हणून वधस्तंभ झाला. दुसरी चूक, देवाशी व्यवहार करणं. मागणं मागण्यात काही वावगं नाही. पण मागणं पूर्ण झालं तर प्रीती आहे आणि नाही झालं तर नाही, असं धरलं की माप उलटं लागतं. योहानाचं पहिलं पत्र 4:10 क्रम स्पष्ट सांगतं: आधी त्याने आपल्यावर केली.

आणि दुःखाच्या घराबद्दल. ‘खोली’ हाच ग्रीक शब्द, ‘बाथोस’, रोमकरांस 8:39 मध्येही आहे. तिथे तो धोक्यांच्या यादीत येतो: उंची, खोली, कोणतीही सृष्ट वस्तू आपल्याला वेगळं करू शकणार नाही. त्याच्या थोडं वर, ओवी 35 मध्ये, क्लेशापासून तलवारीपर्यंत सात गोष्टी आहेत. त्या येणार नाहीत असं पौल म्हणत नाही. म्हणून शिवडीच्या कबरस्तानातून परतल्यावर ‘चांगली माणसं देवाला लवकर आवडतात’ असं त्या आईला म्हणू नका. त्या वाक्यात देव हिरावून नेणारा होतो. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि पुढे त्याला जिवंत करायचं आहे हे ठाऊक असूनही रडला. त्या घरी आधी बसा, चहा-जेवणाचं बघा. वाचायचंच तर स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. वाचून झालं की ‘पण’ लावून पुढचं वचन जोडू नका. रोमकरांस 8 दहाव्या दिवशीही वाचता येतं, महिन्याने गेलात तरी वाचता येतं. त्या रात्री पुस्तक मिटून घरच्यांजवळ बसून राहा.